कंट्री आणि रूट्स गायनात गळ्याची तयारी किती कामाला येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंनी लहानपणापासून हिंदुस्थानी शास्त्रीय गायनाचे रीतसर शिक्षण घेतले आहे. सध्या त्या अमेरिकेत असतात आणि तिथल्या एका हौशी ब्लूग्रास मंडळात गातात (ब्लूग्रास म्हणजे बँजो, फिडल, मँडोलिनच्या साथीने गायचा कंट्री संगीताचा एक प्रकार; अशा लोकपरंपरेतून आलेल्या अमेरिकी संगीताला एकत्रितपणे रूट्स म्हणतात). मंडळातील सहकारी त्यांना वारंवार सांगतात की तुमचा आवाज फार शिकलेला वाटतो, या संगीताला तंत्र लागत नाही, मन लागते. आणि जॉनी कॅश, जॉन प्राइन या नावाजलेल्या कंट्री आणि लोकसंगीत गायकांना तरी कुठे गाता येत होते, असा दाखलाही वर जोडतात. तेव्हा या गायनात तंत्राला खरोखर किंमत आहे का, आणि रियाज चालू ठेवावा की बंद करावा, असे त्यांनी विचारले आहे.

तंत्राला किंमत आहे, आणि तुमच्या सहकाऱ्यांना वाटते त्याहून बरीच जास्त आहे. मात्र आपण ज्यांना तयार गळ्याची लक्षणे मानतो, म्हणजे घुमारदार आवाज, तिन्ही सप्तकांतली फिरत, लांब दमसास आणि खुला आकार, त्यांच्यावर इथे कोणी गुण देत नाही, आणि काही वेळा ती आडही येतात. इथली सगळी कारागिरी एका अटीखाली चालते: गाणारी व्यक्ती आपल्याशी बोलते आहे, असे ऐकणाऱ्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाटत राहिले पाहिजे. ही अट न मोडता सूर, लय आणि शब्द सांभाळणे कठीण आहे आणि ते शिकावेच लागते. तुमच्या सहकाऱ्यांना काहीतरी खटकते आहे हे मी मान्य करते. पण दुखणे एक आणि औषध दुसरे, असा प्रकार त्यांच्या सल्ल्यात झाला आहे.

बोलण्याशी असलेले हे नाते मोजूनही पाहिले गेले आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी सहा व्यावसायिक कंट्री गायकांचा श्वास बोलताना आणि गाताना तपासला. पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने शिकलेले गायक गाताना छाती आणि पोटाचा वापर बोलण्यापेक्षा पुष्कळ निराळा करतात. या सहा जणांचा श्वास मात्र गातानाही बराचसा बोलण्यासारखाच चालत होता. पुढे २००१ मध्ये टॉमस क्लीव्हलँड, आर. ई. स्टोन आणि स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी कंट्री गायकांच्या आवाजाच्या वर्णपटाचा, म्हणजे आवाजात कोणत्या कंपनसंख्येला किती ऊर्जा असते त्याचा, अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपेरा गायकाच्या आवाजात साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक ठळक उंचवटा असतो, आणि त्याच्याच जोरावर तो माइकशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावर ऐकू येतो. कंट्री गायकांच्या आवाजात हा उंचवटा सापडला नाही. त्यांच्या गाण्याचा वर्णपट त्यांच्या बोलण्याच्या वर्णपटाशी मिळताजुळता निघाला. तुम्ही गाऊ लागताच तुमचा आवाज बोलण्याच्या आवाजापासून दूर जातो, आणि सहकाऱ्यांना 'शिकलेपणा' म्हणून जे ऐकू येते ते बहुधा हे अंतर असते. त्यात सूर पक्का असण्याचा काही दोष नाही.

ही शैली माइकच्या सोबतीने वाढली, हेही लक्षात ठेवावे. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये बाजारात आले आणि दोनच वर्षांनी, १९२७ च्या उन्हाळ्यात, व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीर यांनी टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी मुद्रणाचे तात्पुरते ठाणे मांडले. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स या सुरुवातीच्या कंट्री कलाकारांची पहिली मुद्रणे तिथलीच. जुन्या मुद्रणयंत्राच्या कर्ण्यासमोर ओरडून गाण्याची गरज नुकतीच संपली होती आणि घरगुती आवाजाला पहिल्यांदाच तबकडीवर जागा मिळाली होती. तीस वर्षांनंतर जिम रीव्ह्ज यांनी, जे आधी रेडिओवर निवेदक होते, माइकला जवळजवळ ओठ टेकवून, पट्टी खाली घेऊन हळू आवाजात गायला सुरुवात केली. इतक्या जवळून गाताना श्वासाचा आवाज, 'प' आणि 'ब' यांचे फटके, ओळीच्या शेवटी खाली बसणारा सूर, सारे उघडे पडते. मोठ्या आवाजात जे झाकून जाते ते इथे झाकता येत नाही, म्हणून हळू गाणे सोपे असते असे मी कधीच म्हणत नाही.

आता तुमच्या गळ्याकडे येऊ. हिंदुस्थानी पद्धतीत शिकलेल्या विद्यार्थ्यांची पहिली अडचण बहुधा आकारात असते. इंग्रजीतले 'टाइम', 'माइंड', 'अलोन', 'होम' असे शब्द घ्या. ख्यालाची सवय असलेला गळा 'आ' किंवा 'ओ' प्रशस्त उघडतो, त्यावर मुक्काम करतो आणि अगदी अखेरीस 'म' किंवा 'न' उरकून टाकतो. जुन्या वळणाचे कंट्री गायक पुष्कळदा याच्या उलट करतात. तोंड फारसे उघडत नाही, स्वरवर्णावरून आवाज लवकर निसटतो आणि 'म', 'न', 'ल', 'र' यांच्यावर सूर धरला जातो. कंट्री गायक जॉर्ज जोन्स यांचे कोणतेही संथ गाणे लावून फक्त ओळींचे शेवट ऐका; दात जवळजवळ मिटलेले असताना हा मनुष्य 'न' वर सूर टिकवतो, तो आधी किंचित खाली नेतो, पुन्हा वर आणतो आणि मग सोडतो. आपल्याकडे अनुनासिक सूर म्हटला की गुरुजी भुवया उंचावतात. इथे नाकातला सूर हा व्यवस्थित घडवलेला भाग आहे.

याचा अर्थ अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचा हेल उसना घ्यावा असा नाही. 'टाइम' चा 'टाम' करून, शब्द चघळत गाणारे नवशिके जगभर आहेत आणि ते ऐकवत नाही. तुमच्या रोजच्या इंग्रजीत जो उच्चार आहे तोच ठेवा आणि फक्त अक्षरांच्या लांबीचे वाटप बदला. मराठी वळणाचे इंग्रजी बोलणारी बाई मराठी वळणाच्याच इंग्रजीत कंट्री गाते, यात मला काही गैर दिसत नाही. उलट ते बोलण्याच्या अटीला धरून आहे.

जॉनी कॅश यांचा दाखला सर्रास दिला जातो, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबू. १९५६ मध्ये सन रेकॉर्ड्ससाठी त्यांनी 'आय वॉक द लाइन' मुद्रित केले. या गाण्यात जवळजवळ प्रत्येक कडव्याला पट्टी बदलते. कडवे सुरू होण्याआधी कॅश एक लांब हुंकार देतात आणि त्यातून नव्या पट्टीचा सूर पकडतात; शेवटचे कडवे पहिल्याच पट्टीत येते, पण एक सप्तक खाली. पेटी घेऊन हे एकदा करून पाहा. षड्ज हलत असताना प्रत्येक वेळी नव्या जागी शांतपणे उतरायचे, आवाज न चढवता आणि शब्द न दाबता, आणि अखेरीस खर्जात जाऊनही प्रत्येक अक्षर स्पष्ट ठेवायचे. कॅश यांचा आवाका मोठा नव्हता आणि काही मुद्रणांत ते सुराच्या काठाकाठाने चालतात, हे खरे आहे. तरीही आपल्या गळ्यातला कोणता भाग सर्वांत भरीव आहे हे ओळखून, त्याच भागाभोवती गाण्याची रचना करणे, ही जाण अनेक तयार गायकांनाही नसते. १९९३ पासून निर्माते रिक रुबिन यांच्यासोबत केलेल्या अखेरच्या मुद्रणांत त्यांचा दम तोकडा पडतो, आवाज कापतो. पण कोणता शब्द कधी ठेवायचा याचा हिशेब शेवटपर्यंत चुकत नाही.

गळ्याचे ज्याला 'फुटणे' म्हणतात त्याबद्दल आपल्या आणि पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षणाचे एकमत आहे: सांधा ऐकू येता कामा नये. छातीतला भरीव आवाज आणि वरचा हलका आवाज यांमधला हा सांधा स्त्री असो वा पुरुष, बहुतेकांच्या बाबतीत पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी तीन ते पांढरी पाचच्या आसपास असतो, आणि तो बुजवण्यात आपली उमेदीची वर्षे जातात. जिमी रॉजर्स यांनी तोच सांधा उघडा करून दाखवला. ओळ संपली की त्यांचा आवाज टुणकन वर उडतो, पुन्हा खाली येतो, आणि त्यातून 'ब्लू योडल' हा त्यांचा प्रकार उभा राहिला. हँक विल्यम्स यांनी १९४९ मध्ये गाजवलेले 'लव्हसिक ब्लूज' ऐकताना लक्षात येईल की तिथे ओळ संपण्याची वाटही पाहिली जात नाही. शब्दाच्या मध्यावर, एका अक्षरापुरता, आवाज मोडतो आणि लगेच सांधला जातो. ऐकणाऱ्याला तो हुंदका वाटतो. गाणाऱ्याच्या दृष्टीने ते स्वरयंत्राच्या स्नायूंचे एका क्षणात होणारे आणि नेमक्या सुरावर उतरणारे स्थित्यंतर आहे. खऱ्या हुंदक्याने गळा आवळतो आणि सूर जातो, म्हणून खरोखर रडत असलेल्या माणसाला हे जमणार नाही.

याचेच एक जुने, नाजूक रूप अमेरिकेच्या डोंगराळ भागातल्या कथागीतांच्या गायनात आढळते. ओळीच्या शेवटच्या सुराला वरच्या बाजूला एक अगदी हलका झटका द्यायचा आणि तिथेच आवाज सोडून द्यायचा. आर्कान्साच्या अल्मेडा रिडल यांच्या मुद्रणांत तो सुरेख ऐकू येतो. आपल्या कणस्वराशी त्याचे साम्य आहे, पण कणस्वर पुढच्या सुराकडे नेतो आणि हा झटका कुठेच नेत नाही. गायकाने गाण्याच्या मागे उभे राहावे, पुढे येऊ नये, अशी रिडल यांची भूमिका होती. त्यांच्या गायनात सुरुवातीपासून अखेरपर्यंत आवाजाची पातळी सारखीच राहते. नायिका मेली म्हणून गायिकेचा आवाज दाटत नाही. भावगीताच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या कानांना हे प्रथम कोरडे वाटते. मला स्वतःला ते आवडायला वेळ लागला, आणि आता मात्र अतिभावुक गायन ऐकवत नाही.

अलंकरणाला या संगीतात मज्जाव आहे, असाही एक गैरसमज आहे. 'टेनेसी व्हिस्की' हे गाणे जॉर्ज जोन्स यांनी १९८३ मध्ये गायले आणि क्रिस स्टेपलटन यांनी २०१५ मध्ये. जोन्स यांच्या हरकती छोट्या आहेत, शब्दाच्या पोटात लपलेल्या आहेत, आणि शब्द कळण्याच्या आधी एकही येत नाही. स्टेपलटन तेच गाणे संथ सोल-ब्लूजच्या अंगाने घेतात आणि एकेका अक्षरावर तानेसारखी लांब लड सोडतात. तयारीच्या दृष्टीने पाहिले तर हे सरळसरळ गळ्याचे प्रदर्शन आहे, आणि तरीही श्रोत्यांनी ते डोक्यावर घेतले. माझ्या मते याचे कारण असे की लड कितीही लांब असली तरी तिच्या आधी आणि नंतरचे शब्द ते अगदी साध्या, घोगऱ्या, बोलण्याच्या आवाजात ठेवतात. ती लड बोलणाऱ्याच्या तोंडून सुटल्यासारखी वाटते. तुमच्या मुरक्या खटकत असतील तर त्यांची संख्या मोजत बसण्यापेक्षा त्या कोणत्या अक्षरावर येतात ते तपासा. 'द', 'अँड', 'टू' अशा निर्जीव शब्दांवर मुरकी आली की ती शिकवलेली वाटते. ज्या शब्दासाठी ओळ लिहिली आहे त्यावर आली तर कोणी हरकत घेत नाही.

बोलणे हेच किती अवघड असते याचे एक प्रसिद्ध उदाहरण जोन्स यांच्याच कारकिर्दीत आहे. १९८० मध्ये गाजलेल्या 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' या गाण्यात एक कडवे गायचे नसून बोलायचे आहे. गायलेला भाग तयार होऊनही हे चार ओळींचे बोलणे फार दिवस रखडले. मधे सुमारे दीड वर्ष गेले, असे निर्माते बिली शेरिल सांगत. त्या काळात जोन्स दारूच्या पूर्ण आहारी गेले होते. नशेत गाताना त्यांची जीभ अडखळत नसे, बोलताना मात्र अडखळे. गायनाची घडण अंगात किती खोल मुरलेली असू शकते, याचा हा एक विचित्रच पुरावा म्हणावा लागेल.

लयीबाबत तुमच्यासारख्यांना जास्त काम करावे लागते, असा माझा अनुभव आहे. समेवर येण्याचे सुख आपल्या हाडीमाशी खिळलेले असते, त्यामुळे आपण पहिल्या मात्रेवर शब्द नेमका आदळतो. ब्लूग्रासमध्ये मँडोलिनचा कोरडा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो आणि गायकाची ओळ पुष्कळदा पहिली मात्रा होऊन गेल्यावर सुरू होते. विली नेल्सन तर बोलण्याच्या ओघात मात्रेच्या मागेपुढे इतके सरकतात की साथीदार गडबडावेत. त्यांनी रचलेले 'क्रेझी' १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइन यांच्याकडे आले तेव्हा नमुन्याच्या मुद्रणातली ती शब्दांची ओढाताण त्यांना सुरुवातीला जमेना. त्यातच काही आठवड्यांपूर्वीच्या मोटार अपघातात त्यांच्या बरगड्यांना मार बसला होता, वरचे सूर घेताना कळा येत. निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी वाद्यांचा भाग आधी मुद्रित करून ठेवला आणि क्लाइन यांनी काही दिवसांनी येऊन त्यावर गायले. त्यांनी नेल्सन यांची नक्कल केली नाही; आपल्या भरदार आवाजाला झेपेल अशा संथ, टेकून गाण्याच्या ढंगात ती ओळ बसवली. तयार आवाजाची बाई या संगीतात कशी शोभते, असे कोणी विचारले तर मी हेच मुद्रण पुढे करते.

आता हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गायच्या ओळी. तंत्र लागत नाही असे म्हणणाऱ्यांचा दावा इथे पुरता ढासळतो. ब्लूग्रासमधील तीन आवाजांची गुंफण, म्हणजे मुख्य आवाज, त्याच्या वरचा टेनर आणि बहुधा खालून जाणारा बॅरिटोन, ही सुराच्या बाबतीत निर्दय असते. अलाबामाचे आयरा आणि चार्ली लुव्हिन हे बंधू गाण्याच्या मध्यावर, एखाद्या ओळीतच, आपापले भाग अदलाबदल करीत. ऐकणाऱ्याला कोण वर गेला आणि कोण खाली आला हे कळत नसे. हे दोघे ज्या वातावरणात वाढले तिथे सेक्रेड हार्प गायनाची परंपरा होती. १८४४ मध्ये जॉर्जियातल्या दोन संपादकांनी तयार केलेल्या त्या नावाच्या पुस्तकात सुरांची खूण आकारांनी दिलेली असते: फा त्रिकोण, सोल वर्तुळ, ला चौकोन, मी हिरकणीचा आकार. चौकोनात समोरासमोर बसलेले लोक प्रत्येक गीत आधी या अक्षरांत म्हणतात आणि मग शब्दांत. षड्ज कोणत्याही वाद्यावरून घेत नाहीत. एक जाणती व्यक्ती समोरच्या गळ्यांचा अंदाज घेऊन तो देते. आधी सरगम आणि मग बंदिश अशी शिस्त पाळणाऱ्या तुम्हाला हे परके वाटू नये. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत फिरत्या गायनशाळा भरत आणि शेतकरी कुटुंबे त्यांत शिकत. अडाणी, उपजत गळ्यांचे संगीत अशी या परंपरेची जी प्रतिमा रूढ आहे, तिच्यात या शाळा कुठेच दिसत नाहीत.

तानपुऱ्यावर पोसलेला कान या गुंफणीत फार उपयोगी पडतो. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार हा गिटारच्या पडद्यावरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. वाद्ये थांबून तीन आवाज एकटेच उरले की चांगले गायक नकळत याच खालच्या गंधारावर येतात आणि जुळणी एकदम घट्ट होते. तुमच्या मंडळात हा सूर ऐकू येणारी व्यक्ती कदाचित तुम्हीच असाल. मात्र यात आवाजाला आंदोलन अजिबात चालत नाही, आणि इतरांच्या ओळीकडे कान देऊनही आपली ओळ सोडायची नाही, ही सवय एकल गायनात वाढलेल्यांना नव्याने लावावी लागते. पट्टी बदलली तरी गोंधळू नका: कंट्रीचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओत कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) अक्षरांऐवजी आकड्यांनी लिहितात, आणि जॉर्डनेअर्स या गायकवृंदातील नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुळवलेली ती पद्धत चल षड्जावरच, म्हणजे सा हव्या त्या पट्टीत धरण्यावरच, उभी आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जुन्या गायकांचा गंधार काही वेळा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो, आणि तो चुकून तिथे गेलेला नसतो. व्हर्जिनियाच्या डोंगरातले ब्लूग्रास गायक राल्फ स्टॅनली ज्या प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाढले तिथे वाद्ये नसत. पुढारी एक ओळ म्हणे आणि मंडळी ती ओढून, वळवून म्हणत. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या २००० सालच्या चित्रपटासाठी त्यांनी साथीशिवाय गायलेल्या 'ओ डेथ' मध्ये तोच संस्कार आहे, आणि त्यासाठी २००२ मध्ये, पंचाहत्तरीत, त्यांना उत्कृष्ट पुरुष कंट्री गायनाचे ग्रॅमी मिळाले. तो गंधार तुम्ही 'दुरुस्त' करून गायलात तर गाणे हातचे जाईल. तो मधला सूर नेमका त्याच जागी, प्रत्येक वेळी, धरता येणे ही तयारीच आहे.

ज्यांना खरोखरच फारसे गाता येत नव्हते, तेही नाकारून चालणार नाही. अर्नेस्ट टब यांच्या १९३९ मधील टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर रॉजर्सच्या चालीवरचे योडल त्यांना जमेनासे झाले. पुढे ते आयुष्यभर सुराच्या थोडे खाली गात राहिले आणि स्वतःच त्यावर विनोद करीत. क्रिस क्रिस्टॉफरसन यांची गाणी लोकांपर्यंत पोचली ती बव्हंशी इतरांच्या गळ्यांतून: रे प्राइस, सॅमी स्मिथ, जॅनिस जॉप्लिन आणि स्वतः कॅश. जॉन प्राइन यांच्या मानेवर १९९८ मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि किरणोपचार झाले. आवाज खाली उतरला, खरखरीत झाला, जुन्या गाण्यांच्या पट्ट्या खाली घ्याव्या लागल्या. २००५ च्या त्यांच्या 'फेअर अँड स्क्वेअर' या अल्बमला ग्रॅमी मिळाले ते या आवाजासह. परंतु हे बहुतेक स्वतःची गाणी लिहिणारे लोक आहेत. लिहिणाऱ्याला एक सवलत मिळते: शब्द त्याचे असल्यामुळे त्याचा आवाज कसाही असला तरी तो साक्षीदाराचा आवाज ठरतो. तुम्ही आणि मी दुसऱ्यांची गाणी गातो, आपल्याला ती सवलत नाही. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ज्यांचा गळा चालत नव्हता आणि लेखणीही चालत नव्हती असे असंख्य गायक त्या काळातही होते. त्यांच्या तबकड्या कोणी जपल्या नाहीत, म्हणून दाखला द्यायला ते उरले नाहीत.

सहकाऱ्यांच्या सल्ल्याने घोगरा आवाज काढायला जाऊ नका, हे मी जरा ठासून सांगते. १९२७ ते १९३० या काळात मुद्रणे केलेल्या टेक्ससच्या ब्लाइंड विली जॉन्सन यांचा खरडलेला, गर्जणारा आवाज ऐकून तो निसर्गदत्त असावा असे वाटते. पण त्यांच्याच काही मुद्रणांत त्यांचा स्वच्छ टेनर, म्हणजे उंच पुरुषी, आवाजही ऐकू येतो. म्हणजे तो खरखरीतपणा ते हवा तेव्हा लावत आणि हवा तेव्हा काढत. असा आवाज मुख्य स्वरतंतूंवर ताण न देता, त्यांच्या वरच्या घड्यांच्या साहाय्याने काढता येतो, आणि ते जाणत्या शिक्षकासमोरच शिकावे. घसा दाबून काढलेला घोगरेपणा दोन गाणी टिकतो आणि दुसऱ्या दिवशी बोलणेही बसते. आवाज बसून तीन आठवडे झाले तरी सुटत नसेल तर काढे-गुळण्या पुरे कराव्यात आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्यावे.

तेव्हा रियाज बंद करू नका. खर्जाची मेहनत, तानपुऱ्यावरचा सूर आणि मात्रांचा हिशेब जसाच्या तसा चालू ठेवा. मंडळाच्या गाण्यांसाठी मात्र निराळा सराव ठेवा. गाण्याचे शब्द आधी गद्यासारखे, समोर कोणी बसले आहे असे समजून मोठ्याने वाचा आणि फोनवर मुद्रित करा. कुठे थांबलात, कुठला शब्द लांबला, कुठे आवाज खाली गेला ते ऐका. मग पट्टी अशी निवडा की ओळीतले बहुतेक सूर तुमच्या त्या बोलण्याच्या उंचीच्या जवळ राहतील. शास्त्रीय मैफलीत तुम्ही लावता त्यापेक्षा ती बहुधा खाली निघेल, आणि गिटारवाल्यांना कॅपो (गिटारची पट्टी बदलायचा चिमटा) सरकवायला सांगण्यात संकोच नको. त्याच थांब्यांवर, त्याच लांबीने गा, पुन्हा मुद्रित करा आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐका. जिथे गाणारी बाई वाचणाऱ्या बाईपेक्षा वेगळी वाटेल तिथे बहुतेक वेळा एकतर आकार जास्त उघडलेला सापडेल, किंवा दोन सुरांमधली फट मींडेने, म्हणजे घसरत्या सुराने, भरलेली सापडेल. सूर सुटा ठेवा. फट राहू द्या.

आणि मंडळात पुढचे काही आठवडे मुख्य आवाजाऐवजी टेनरची ओळ मागून घ्या. मुख्य गायक जे अक्षर जितके धरेल तितकेच तुम्हाला धरावे लागेल, तो जिथे श्वास घेईल तिथेच घ्यावा लागेल, आणि मुरकीला जागाच उरणार नाही. सूर मात्र रेषेवर लागेल, कारण ते शिक्षण तुमच्याकडे आधीच आहे, आणि तुमच्यामुळे तिन्ही आवाजांची जुळणी घट्ट होताना सहकाऱ्यांनाही ऐकू येईल.